मोहिनीची चकती

देवळाली कॅम्पच्या बाजारात मला सगळे हवालदार म्हणतात आणि माझा आवाज फार मोठा आहे अशी तक्रार करतात. उभी हयात तोफखान्यात गेली, तिथे हळू बोलणाऱ्याला कोणी विचारत नाही. तेव्हा मोठ्यानेच सांगतो. माझ्या मुलीने, मोहिनीने, दंडावर चिकटवायची एक चकती बनवली आहे, आणि ती चकती अंगातलं लॅक्टेट मोजते. हे मी बाजारात इतक्या वेळा सांगितलंय, की मी दाढीला खुर्चीत बसलो रे बसलो की सलूनवाला गोटीरामच सुरू करतो, "काय हवालदार, लॅक्टेट काय म्हणतंय?" म्हणू दे. आपली पोर काही करून दाखवते तेव्हा बापाने बोलायचं नाही तर कधी बोलायचं?

लॅक्टेट म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं की मी खूश होतो. माणूस अंगातला जोर लावतो तेव्हा स्नायू भराभर साखर जाळतात, त्यातून लॅक्टेट तयार होतं. जोर बेताचा असेल तर शरीर ते तिथल्या तिथे वापरून टाकतं. जोर वाढला की वापरण्यापेक्षा तयार जास्त होतं आणि रक्तातला आकडा चढू लागतो. तो सरसर चढायला लागला की समजायचं, हा गडी आता फार वेळ टिकणार नाही, तोंडाने काहीही म्हणो. म्हणून खेळाडूला कुठवर ताणायचं आणि कुठे सोडायचं, हे ठरवायला तो आकडा लागतो. आजवर तो बघायचा तर दर थोड्या वेळाने बोट टोचा, रक्ताचा थेंब काढा आणि परदेशी मीटरच्या पट्टीला लावा, असा प्रकार होता.

मोहिनीची चकती असते रुपयाच्या नाण्याएवढी. तिला खालच्या अंगाने केसाहून बारीक सुया असतात, त्या कातडीत जेमतेम शिरतात. सुयांवर एका एन्झाइमचा लेप असतो. लॅक्टेट भेटलं की तिथे चिमूटभर वीज तयार होते, लॅक्टेट जास्त तेवढी वीज जास्त, आणि आकडा मोबाइलवर सारखा दिसत राहतो. "पप्पा, मीटर म्हणजे हजेरी. शिट्टी वाजली की घ्यायची. आणि चकती म्हणजे पहारेकरी, तो सारखा बघत उभाच," असं तिने मला समजावलं होतं. बापाला त्याच्या भाषेत समजावते, एवढी शहाणी पोर आहे माझी.

त्या चकतीपायी तिने पुण्याची चांगली नोकरी सोडली आणि सातपूरच्या एका शेडमध्ये अर्धी खोली घेऊन बसली. तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. "हवालदारांची पोर घरी बसली म्हणे." घरी कुठली बसते! दिवस उगवायच्या आत स्कूटी काढायची ती जेवायलासुद्धा यायची नाही. चकत्या बनवायची, बिघडायच्या, पुन्हा बनवायची. लेप टिकायचा नाही, घामाने चिकटपट्टी सुटायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण तोफेचं माप चुकलं की गोळा कुठे पडला ते बघून पुन्हा माप घ्यायचं, हे मला कळतं. पोर तेच करत होती, आणि तोंडातून हूं की चूं नाही.

शेवटी चकती जमली आणि एक दिवस ठरला. राज्यातल्या खेळाडूंच्या वसतिगृहांसाठी कुठलं यंत्र घ्यायचं हे ठरवणारी एक समिती होती. तिचे प्रमुख डॉक्टर धम्मपाल गांगुर्डे. ते स्वतः येऊन नाव वल्हवणाऱ्या एका खेळाडूवर चकती आणि परदेशी मीटर शेजारी शेजारी लावून बघणार होते. आकडे जुळले तर चकती सगळ्या वसतिगृहांत जाणार. नाही जुळले तर दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत परदेशी मीटर मंजूर होणार आणि मोहिनीची चकती शेडमध्येच राहणार. तिचे दोन भागीदार या चाचणीपर्यंतच थांबायला तयार होते. हे सगळं तिने मला एका वाक्यात सांगितलं आणि वर म्हणाली, "आईला एवढं सगळं सांगू नका, ती उगाच घोर लावून घेईल."

आईला न सांगता राहील तो आमचा घरसंसार कसला? सकाळी मी व्हॅन काढली, तर आमच्या सौभाग्यवती उज्वला आधीच पुढच्या सीटवर! मांडीवर स्टीलचा डबा.

"त्यात काय आहे?" मी विचारलं.

"दही-साखर. रात्रीच विरजण लावलं होतं."

"नाव वल्हवायला दही लागतं का गं? तिथे शास्त्र चालणार आहे, शास्त्र!"

"चालू द्या की शास्त्र. माझं दही काय आडवं येतंय त्याला?" ती म्हणाली. उज्वला सटाण्याची. तिच्या माहेरी परीक्षेला, इंटरव्ह्यूला, ऑपरेशनला, कशालाही निघालेला माणूस हातावर दही-साखर घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. मी लग्नापासून त्यावर बोलतो आहे आणि ती लग्नापासून ऐकत नाही. त्या दिवशी मात्र मी जरा जास्तच बोललो असणार, कारण गंगापूर धरण येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

धरणाच्या बॅकवॉटरला नावा वल्हवणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथे चाचणी होती. बाकीच्या मुलींना घेऊन त्यांच्या कोच स्पर्धेला गेल्या होत्या. मागे राहिली होती चांगुणा, खास या चाचणीसाठी. हरसूलकडची पोर, उंच, लांब हातांची, हसली की सगळे दात दिसणारी. समितीचा तंत्रज्ञ मयूर तिथे आधीच पोचून परदेशी मीटर मांडून बसला होता. मोहिनीने चांगुणाच्या दंडावर चकती लावली आणि ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली.

उज्वलाने डबा उघडला. आधी मोहिनीच्या हातावर दही ठेवलं, तिने न बघताच चाटलं आणि रबरी हातमोजे चढवले. मग चांगुणा. "घे बाळा, उजवा हात कर." चांगुणाने दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि तळाची साखर बोटांनी निपटून खाल्ली. मयूरने घेतलं, वॉचमनने घेतलं. माझ्यासमोर आली तेव्हा डब्याचं झाकण लावत म्हणाली, "तुम्हाला नको असेल, नाही का? शास्त्र आहे ना इथे."

डॉक्टर गांगुर्डे आले. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर हसू नाही, चहाला नाही म्हणाले. मला असा माणूस आवडतो, पण तो आपल्या बाजूला असेल तर. उज्वलाला आणि मला त्यांनी भिंतीकडच्या बाकावर बसायला सांगितलं आणि मयूरला खूण केली.

मयूरने चांगुणाचं बोट स्पिरिटच्या बोळ्याने घाईघाईत पुसलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. मीटरने सहा पॉइंट सात दाखवलं. मोहिनीच्या मोबाइलवर होतं एक पॉइंट तीन.

"पुन्हा घ्या," डॉक्टर म्हणाले. त्याच हाताचं शेजारचं बोट. सहा पॉइंट दोन. चकती जागची हलली नाही, एक पॉइंट तीन.

डॉक्टरांनी चांगुणाला विचारलं, "सकाळी पाण्यावर गेली होतीस?"

"हो सर."

"मग बरोबर आहे. जोर लावून आलेली मुलगी आहे, आकडा सहा असू शकतो. तुमची चकती कमी दाखवते आहे," ते मोहिनीला म्हणाले. आवाज चढवला नाही, पण मला तो चढवल्यापेक्षा जास्त झोंबला. मी बाकावरून उठणार होतो, उज्वलाने माझा शर्ट धरून खाली ओढलं.

चांगुणा रोइंग मशीनवर बसली. हे मशीन म्हणजे जमिनीवरची नाव, साखळीला बांधलेली दांडी आणि मागेपुढे सरकणारी बैठक. ती हलक्या हाताने ओढू लागली. पहिला टप्पा झाला, मयूरने बोट टोचलं. मीटर पाच पॉइंट एक, चकती एक पॉइंट आठ. जोर वाढवला, दुसरा टप्पा. मीटर चार पॉइंट चार, चकती दोन पॉइंट नऊ. मयूर आकडे लिहीत होता. तीन वर्षं खपली पोर आणि इथे एकही आकडा जुळेना. उज्वलाला आकड्यांतलं कळत नव्हतं, ती माझ्या तोंडाकडे बघून समजत होती आणि मी तोंड सरळ ठेवायचा प्रयत्न करत होतो.

तिसऱ्या टप्प्याला चांगुणाला चांगलीच धाप लागली. मीटर चार पॉइंट नऊ, चकती चार पॉइंट सहा.

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं. "बस करू या. शेवटी जवळ आली, पण सुरुवात सगळी चुकली. असं यंत्र मी खेळाडूंना लावू शकत नाही."

मला वाटलं आता पोर रडेल. मोहिनी रडली नाही. ती मयूरच्या कागदाकडे बघत म्हणाली, "सर, चकती चुकलेली नाही."

"कशावरून?"

"जोर वाढत गेला आणि मीटरचा आकडा उतरत गेला, चढला तो फक्त शेवटी."

"आधीचं लॅक्टेट साचलेलं असेल तर हलक्या व्यायामाने ते उतरतं. हे तुम्हाला ठाऊक असायला हवं," डॉक्टर म्हणाले.

"ठाऊक आहे. पण साचलेलं असेल तर." ती चांगुणाकडे वळली. "पाण्यावरून परत कधी आलीस?"

"लय सकाळी, ताई. मग अंघोळ केली, कपडे धुतले, भाकरी खाल्ली. एक झोपपण काढली थोडी."

डॉक्टर थबकले. त्यांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं. एवढ्या वेळात लॅक्टेट कधीच खाली यायला हवं, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. "मग सहा कुठून आलं?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

मोहिनीने हातमोजे काढले आणि चांगुणाचा उजवा हात हातात घेतला. बोटं चिकट होती, दोन बोटांच्या मधे साखर चमकत होती. "हे काय लागलंय तुझ्या हाताला?"

 चांगुणाने एकदा बाकाकडे बघितलं आणि मान खाली घातली. शहाणी पोर, उज्वलाचं नाव घ्यायला तयार नव्हती.

उज्वला उठली.  "मी दिलं दही. चांगलं व्हावं म्हणून सगळ्यांच्या हातावर ठेवलं."

"आपण कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

इतकी वर्षं कॅम्पात राहून उज्वला आमच्यासारखंच बोलते, पण जीव घाबरला की तिच्या तोंडून सटाणा निघतो. "ती मनी पोर शे साहेब. चूक मनी शे, तिनी नही." आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अहो, पोरीचं वाटोळं केलं का मी?"

 सकाळी व्हॅनमध्ये बोललो होतो तेवढं पुष्कळ होतं. मी फक्त तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

मोहिनीला मात्र हसू फुटलं होतं. "सर, दही म्हणजे लॅक्टिक ॲसिड. दह्याचा आंबटपणा तोच. ते बोटावर होतं, स्पिरिटच्या एका बोळ्याने जात नाही, पाण्यानेच धुवावं लागतं. थेंबाबरोबर तेही पट्टीवर गेलं आणि मीटरने रक्तासकट दहीही मोजलं. मग घाम आला, दांडी ओढून ओढून बोटं पुसली गेली, दही कमी झालं, म्हणून आकडा उतरला."

मयूर स्वतःच्या बोटांकडे बघू लागला. त्यानेही हातमोजे चढवायच्या आधी दही खाल्लं होतं.

आता त्या डॉक्टरांचं मला कौतुक वाटलं हेही सांगतो. दुसरा असता तर "कारणं सांगू नका" म्हणून गाडीत बसला असता. यांनी उज्वलापुढे हात केला. "द्या."

"काय?"

"दही द्या."

उज्वलाने घाबरत घाबरत चमचाभर दही त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते खाल्लं, बोटं चांगुणासारखीच निपटली, बोळ्याने पुसली आणि मयूरकडून टोचून घेतलं. मीटर म्हणालं, सात पॉइंट चार. डॉक्टर नळावर गेले, साबणाने हात खसाखसा धुतले, पुसले, दुसरं बोट पुढे केलं. एक पॉइंट दोन.

"दही छान आहे," ते उज्वलाला म्हणाले. हसले मात्र नाहीत. लगेच मोहिनीकडे वळले. "मीटर चुकलं हे मान्य. पण तुमची चकती बरोबर आहे हे कुठे सिद्ध झालं?"

मोहिनीने चांगुणाच्या कानाच्या पाळीतून रक्त घ्यायला सांगितलं. कानाला काही दही लागलेलं नव्हतं. चांगुणा एव्हाना बसून सावरत होती. मीटर तीन पॉइंट आठ, चकती तीन पॉइंट नऊ.

"जुळलं!" मी ओरडलो.

"एक आकडा जुळला," डॉक्टर म्हणाले. "एका आकड्याला मी योगायोग म्हणतो. मला विसावलेल्या माणसापासून दमलेल्या माणसापर्यंतचे सगळे आकडे हवेत. ही मुलगी आता दमलेली आहे, तिला पुरती विश्रांती मिळेपर्यंत मी थांबू शकत नाही. बैठक उद्याच आहे. फार तर मी आजची चाचणी झालीच नाही असं दाखवतो. हे दह्याचे आकडे खोडून टाकू, म्हणजे तुमच्यावरही ठपका येणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा या."

ही सवलत होती. मी असतो तर घेतली असती. आईची चूक झाकली गेली असती आणि चकतीला नापास असा शिक्काही बसला नसता.

"नाही सर," मोहिनी म्हणाली. "आकडे खोडू नका. दह्याचेही राहू द्या, आणि कारणही लिहा. आईने हातावर दही दिलं, असंच लिहा. मीटर फसलं तेव्हा चकती फसली नाही, हे त्याच आकड्यांत दिसतं. माझं यंत्र हातावरचं बघत नाही, आतलं बघतं."

काय सांगू, माझा ऊर भरून आला. एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं ही गंमत नव्हे. आणि आवाजात उद्धटपणाचं नाव नाही. उज्वला पदराने डोळे पुसत होती.

 डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि बॅग उचलली. त्यांचं बरोबरच होतं. पुढच्या वर्षापर्यंत भागीदार थांबणार नव्हते, पण तो काही त्यांचा दोष नव्हता.

"साहेब," मी म्हणालो, "मी बसतो मशीनवर."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मी विसावलेला आहे. सकाळपासून बाकावरच आहे. आणि या सगळ्यात दही न मिळालेला मी एकटाच."

"पप्पा, काहीतरी काय! साठी आली तुमची," मोहिनी म्हणाली.

"मिलिटरी हॉस्पिटलात गेल्याच महिन्यात तपासणी झालीय. छातीचा आलेख काढला, पट्ट्यावर पळवलं, सगळं पाहिलं. फिट."

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. माझा रक्तदाब घेतला, छातीला नळी लावून पाठीमागून पुढून ऐकलं, गोळ्या काय चालू आहेत ते विचारलं. मग म्हणाले, "टप्पे हलके ठेवू. छातीत काहीही वाटलं तर लगेच थांबायचं." नळावर माझे हात त्यांनी स्वतः समोर उभं राहून धुऊन घेतले. शाळेत असताना गुरुजींनी नखं तपासली होती, त्यानंतर असं कोणी तपासलं नव्हतं. मोहिनीने माझ्या दंडावर नवी चकती लावली. मुंगी चावल्यासारखं झालं, बस.  "चकती रुळायला थोडा वेळ लागतो," ती म्हणाली, आणि डॉक्टरांनी तेवढ्यात चहा मागितला. उज्वलाने तो हात धुऊन केला.

मी बसून असतानाचा आकडा घेतला. मीटर एक पॉइंट पाच, चकती एक पॉइंट चार. मग मी दांडी धरली.

चांगुणा शेजारी उकिडवी बसून मला शिकवत होती. "पायांनी ढकला काका, हातांनी नंतर." पहिला टप्पा सोपा गेला. मीटर दोन पॉइंट दोन, चकती दोन पॉइंट तीन. दुसऱ्या टप्प्यात कपाळावर घाम आला. मीटर तीन पॉइंट तीन, चकती तीन पॉइंट दोन. मयूर आकडे मोठ्याने वाचत होता. डॉक्टर आता खुर्ची ओढून अगदी जवळ बसले होते.

तिसरा टप्पा सुरू झाला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. समोर डॉक्टर, बाजूला चांगुणा "ओढा काका, ओढा!" म्हणून टाळ्या वाजवतेय, भिंतीकडे उज्वला हात जोडून उभी. मला सांगितलेल्या जोरापेक्षा मी जास्त जोर लावत होतो. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. अंग छान तापलं होतं, दांडी हलकी वाटत होती, असा जोर मी कैक वर्षांत लावला नव्हता. वाटलं, आता बघाच म्हणावं तोफखाना काय असतो.

"पप्पा, थांबा," मोहिनी म्हणाली.

ती मोबाइलकडे बघत होती. आवाज मोठा नव्हता.

"मॅडम, टप्पा अर्धाच झालाय," मयूर म्हणाला. "मीटरचा आकडा साडेतीनच्याही आत आहे. काका तर मजेत दिसताहेत."

"तो मघाचा आकडा आहे. पप्पा, थांबा."

मी खरोखरच मजेत होतो. ते खोटं नाही. छातीत काही नाही, पायांत काही नाही, धाप म्हणाल तर नेहमीची. माझं अंग मला सांगत होतं, ओढ. मीटरही तेच सांगत होतं. एकटी पोर सांगत होती, थांबा. चार माणसांत अर्ध्यावर दांडी सोडायची म्हणजे माझ्यासारख्याला किती जड जातं, ते ज्याचं त्याला ठाऊक. पण ती माझ्या आत काय चाललंय ते बघत होती, आणि मला ते दिसत नव्हतं.

मी दांडी सोडली. साखळी खडखडत आत गेली.

डॉक्टर म्हणाले, "लगेच घ्या." मयूरने बोट टोचलं. सगळे मीटरकडे वाकले, उज्वलासुद्धा, जिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मीटरने सहा पॉइंट तीन दाखवलं. मोहिनीने मोबाइल डॉक्टरांपुढे धरला. सहा पॉइंट एक.

आणि तेवढ्यात माझ्या मांड्या शिशासारख्या जड झाल्या. बैठकीवरून उठायला गेलो तर उठता येईना, चांगुणाने बगलेत हात घालून उठवलं. आणखी अर्धा टप्पा ओढला असता तर ही पोरं मला उचलूनच बाकावर नेत असती.

डॉक्टर गांगुर्डेंनी दोन्ही आकडे पुन्हा एकदा ताडून बघितले. मग त्यांनी मयूरचा कागद घेतला, वरचे दह्याचे आकडे तसेच ठेवले, त्यांच्यापुढे कारण लिहिलं, मोहिनीने सांगितलं होतं अगदी तसंच, आणि खाली सही केली.

"चकत्या किती तयार आहेत?" त्यांनी मोहिनीला विचारलं.

"किती हव्यात सर?"

"सगळ्या वसतिगृहांना पुरतील एवढ्या. बैठकीत मी हा कागद ठेवणार आहे. यंत्र हेच घ्या, असं माझं मत राहील, आणि ते टाळलं गेल्याचं मला तरी आठवत नाही."

 मोहिनीने आधी आईला मिठी मारली. उज्वला रडता रडता तिला विचारत होती, "म्हणजे झालं ना? झालं ना गं?"

डॉक्टर जाता जाता माझ्यापाशी थांबले. आता पहिल्यांदा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं. "हवालदारसाहेब, खरं सांगा. थांबलात तेव्हा दम संपला होता?"

"नाही साहेब. दम होता."

"मग थांबलात कसे?"

मी मांड्या थरथरत असतानाही ताठ उभा राहिलो.

"हुकूम आला, साहेब."

त्यांनी मोहिनीकडे बघितलं आणि मान हलवली. नोकरीत मी पुष्कळ साहेबांचे हुकूम मानले, काही मनापासून, काही दात-ओठ खाऊन. एवढ्या अभिमानाने मात्र एकही मानला नव्हता.